चित्रपट महामंडळाची सेवा, मराठवाड्याच्या बाजूने पाहिली तर

मराठवाड्यात सिनेमा करायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ‘महामंडळ’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच येतो आणि पहिली गफलतही तिथंच होते. महामंडळं दोन आहेत. कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ ही निर्माते, कलावंत आणि तंत्रज्ञांची संस्था. बॅनरची, म्हणजे निर्मितीसंस्थेची, आणि सिनेमाच्या नावाची नोंदणी तिथं होते. दुसरं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. हे सरकारी, १९७७ सालचं, मुख्यालय गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत. चित्रीकरणाची परवानगी आणि अनुदान हे विषय या दुसऱ्याकडचे. नावनोंदणीचा कागद घेऊन गोरेगावला आणि अनुदानाची चौकशी करायला कोल्हापूरला जाणारे आजही भेटतात, म्हणून हे आधी सांगितलं. इथून पुढं ‘महामंडळ’ म्हणजे गोरेगावचं.

मत सुरुवातीलाच देतो. सरकारी जागेची परवानगी काढायला महामंडळाची एक खिडकी योजना (वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या एकाच ठिकाणी) उपयोगी आहे, मात्र कागद पुरे हवेत. अनुदान हा मराठी सिनेमाला खरा आधार आहे. पण तो आधार सिनेमा पूर्ण झाल्यावर हातात पडतो, आणि परभणी-हिंगोलीच्या नव्या निर्मात्याला पैसा लागतो तो शूटिंगच्या पहिल्या दिवशी. शिवाय खिडकी मुंबईच्या गरजेतून उभी राहिली आहे. मराठवाड्यातली जी ठिकाणं पडद्यावर आणावीशी वाटतात, त्यातली बरीच या खिडकीच्या बाहेर पडतात.

परवानगीचं काम ‘महाराष्ट्र फिल्म सेल’ या ऑनलाइन व्यवस्थेतून चालतं. निर्मितीसंस्थेच्या नावानं खातं उघडायचं, प्रकल्पाची नोंद करायची, मग ठिकाणवार अर्ज. ही व्यवस्था आल्यापासून प्रत्येक खात्याच्या दारात वेगळे खेटे घालणं बरंच कमी झालं, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा आपल्याच ढिसाळपणामुळं. ‘कथेचा सारांश’ या जागी लोक पोस्टरवरचं वाक्य टाकतात. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते नको असतं. त्या जागेवर नेमका कोणता प्रसंग होणार, किती माणसं, किती गाड्या, जनरेटर कुठं उभा राहणार, रात्री दिवे लावणार का, पोलिसाचा गणवेश, खोटी हत्यारं, आग, धूर, स्फोट यातलं काही आहे का, हे त्याला हवं असतं. त्या ठिकाणाचे संवादासह चार-सहा पानं प्रसंग, तारीख-वेळेचा तक्ता आणि उभारणी असेल तर हातानं काढलेला का होईना नकाशा जोडला, की शंका निम्म्यानं कमी होतात. आग-धूर असेल तर अग्निशमन दलाचा आणि गर्दी किंवा मारामारी असेल तर पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला वेगळा लागतो. तो शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी मागायचा नसतो.

एक चूक वारंवार होते. अर्ज ‘तहसील कार्यालय’ म्हणून केला जातो आणि दृश्य प्रत्यक्षात तहसीलच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर, समोरच्या रस्त्यावर आणि शेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर घेतलं जातं. म्हणजे जागा तीन आणि मालकही तीन. रस्ता नगरपालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे रेकीतच, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीतच, विचारून घ्या. शाळेसाठी मुख्याध्यापकांचं तोंडी ‘या की’ पुरत नाही, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचं पत्र लागतं. रविवार किंवा सुट्टीची तारीख टाकली तर ते सोपं जातं. गावात ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. सरपंचाच्या सहीचं नुसतं पत्र पुढच्या सरपंचाच्या काळात कुणी मानत नाही, ठराव मात्र नोंदवहीत राहतो. खासगी वाडा किंवा शेत असेल तर मालकाशी मुद्रांकावर करार करा. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे अंदाजपत्रक करताना बरेच जण विसरतात. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील तर सही तिघांची. शहरात नोकरीला गेलेला धाकटा भाऊ ऐन शूटिंगच्या दिवशी उगवतो आणि काम थांबतं, तेव्हा कुठलंही सरकारी पत्र कामाला येत नाही.

आता खिडकीबाहेरची ठिकाणं. मराठवाड्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा आणि दौलताबादचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. राज्याच्या परवानगीचा तिथं उपयोग नाही. केंद्राच्या परवाना प्रक्रियेतूनच जावं लागतं, दिवसाचं शुल्क आणि अनामत वेगळी. अजिंठ्यात चित्रांच्या रंगांवर परिणाम होतो म्हणून फ्लॅशला बंदी आहे, मग मोठ्या दिव्यांचं नावच काढायला नको. ‘लेण्यात प्रसंग’ असं पटकथेत लिहिणाऱ्यानं तो प्रसंग दिवा न लावता, थोड्या माणसांत आणि पर्यटकांची वाट न अडवता कसा घेणार, ते आधी ठरवावं. जमत नसेल तर दृश्य लेण्याबाहेर, डोंगरउतारावर आणावं. नळदुर्ग, उदगीर, कंधार हे किल्ले मात्र राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. ऐतिहासिक किंवा जुन्या काळातला प्रसंग असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: दौलताबादच्या आधी या तिघांचा विचार करा. गर्दी कमी असते, राज्याच्या यंत्रणेतून काम होतं, आणि नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यात भरून वाहतो तेव्हा जे दृश्य मिळतं ते कुठल्याही सेटवर उभं करता येणार नाही.

पाणचक्की वक्फ मंडळाकडे. तुळजापूरला तुळजाभवानी मंदिर संस्थान, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. नांदेडला गुरुद्वारा बोर्ड. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, पाणथळ भाग जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो, तिथं वन्यजीव विभाग, आणि धरणाच्या भिंतीवर जायचं असेल तर पाटबंधारे विकास महामंडळ. गौताळा अभयारण्यालाही वन्यजीव विभागच. यातल्या प्रत्येकाचा साहेब वेगळा आणि अर्जाचा नमुनाही वेगळा.

रेल्वेचं तर नीट समजून घ्या, कारण गावाकडच्या गोष्टीत स्टेशन आल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या लाइन प्रोड्युसरला (शूटिंगची व्यवस्था आणि खर्च पाहणाऱ्याला) वाटतं की महाराष्ट्र म्हणजे मध्य रेल्वे. जालना, परभणी, नांदेड ही स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहेत आणि या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला. लातूर आणि धाराशिव मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. म्हणजे परभणीच्या फलाटावर निरोपाचं दृश्य घ्यायचं तर कागद तेलंगणात जातो, लातूरला तेच दृश्य घेतलं तर मुंबईकडं. विमा, अनामत, परवाना शुल्क आणि पटकथेचा संबंधित भाग दोन्हीकडं लागतो. गोष्टीला दोन्ही स्टेशनं चालत असतील तर अर्ज कुठं लवकर पुढं सरकतोय ते पाहून शूटिंगचं ठिकाण ठरवा. एस.टी. आगाराचं काम त्या मानानं सोपं. लाल बस भाड्यानं घेऊन मोकळ्या रस्त्यावर चालवणं आगारात घुसण्यापेक्षा नेहमी बरं पडतं.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणं बंधनकारक आहे. त्या नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा २०० फुटांवर येते. चिकलठाणा विमानतळामुळं संभाजीनगर शहरातले बरेच भाग अशा निर्बंधांत अडकतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा ड्रोन उचलून आणला आणि त्याला नोंदणी क्रमांकच नसला, तर पोलीस तो जप्त करू शकतात. भाडं ठरवण्याआधी क्रमांक आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा.

बैलांकडं येऊ. मराठवाड्याच्या सिनेमात बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा यातलं काहीतरी असतंच, आणि तयार सिनेमा सर्वाधिक अडतो तो इथं. फ्रेममध्ये प्राणी कामाला लावला असेल तर शूटिंगच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. या मंडळाचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे, जुन्या यादीतला चेन्नईचा पत्ता वापरू नका. मालकाचं संमतीपत्र, पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि प्राण्याकडून नेमकं काय करून घेणार याचं प्रसंगवार वर्णन जोडायचं. सिनेमा पूर्ण झाला की याच मंडळाचं ना-हरकत पत्र सेन्सॉरला द्यावं लागतं, आणि आधीची परवानगी नसेल तर ते पत्र मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. बैलाची गोष्ट आणखी नाजूक आहे. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळ-करामतीसाठी न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत बैलही आला. म्हणून शेतात औत ओढणारा बैल आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवलेला बैल हे अर्जात स्वच्छ वेगळे लिहा. पोळ्याचा प्रसंग असेल तर शिंगांना रंग कोणता लावणार, झूल कशी, बैलाभोवती फटाके नाहीत, असं बारकाईनं लिहिलेलं वर्णन लवकर मार्गी लागतं. ‘बैलजोडी दिसते’ एवढंच लिहिलेलं परत येतं.

महामंडळाच्या सेवेत इथं खरी उणीव जाणवते. परवानगीच्या अर्जातच ‘प्राणी आहेत का, ड्रोन आहे का, केंद्राचं स्मारक आहे का, रेल्वे आहे का’ असे चार प्रश्न विचारून पुढचा रस्ता दाखवला, तर नव्या निर्मात्याचे महिने वाचतील. मुंबईतल्या निर्मात्याकडं हे सांगणारा अनुभवी व्यवस्थापक असतो. वसमतच्या किंवा अंबाजोगाईच्या पोराकडं नसतो.

अनुदान

दर्जेदार मराठी चित्रपट अर्थसाहाय्य योजनेत समिती सिनेमा पाहून गुण देते आणि दर्जा ठरवते. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये. ही रक्कम लहान नाही. गावाकडं, कमी माणसांत, ओळखीच्या वाड्यांत केलेल्या सिनेमाच्या खर्चाचा चांगला हिस्सा त्यातून निघतो. आणि समिती सिनेमा पाहून दर्जा ठरवते, ओळखीचे चेहरे मोजून नाही, ही या योजनेची सगळ्यात चांगली बाजू. मराठवाडी बोली बोलणारे अनोळखी चेहरे घेऊन केलेला सिनेमाही ‘अ’ दर्जाला पोचू शकतो.

अडचण काळाची आहे. क्रम असा: सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायचं, मग अर्ज, परीक्षण, मंजुरी आणि शेवटी पैसे. समजा एखाद्यानं ३० लाख रुपये गावच्या रीतीनं दोन रुपये शेकड्यानं उचलले. महिन्याचं व्याज ६० हजार. शूटिंग, संकलन, सेन्सॉर आणि परीक्षण मिळून दीड वर्ष धरलं तर व्याज १० लाख ८० हजार. ‘ब’ दर्जा मिळून ३० लाख आले तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सावकाराकडंच गेला. अनुदान कागदावर पूर्ण मिळालं, पण पुढच्या सिनेमासाठी हाती काय उरलं? म्हणून अनुदान ‘येणारच’ धरून अंदाजपत्रक करू नका. ते बाजूला ठेवून जेवढा सिनेमा झेपेल तेवढाच करा. शूटिंगचे दिवस २५ वरून २० वर आणणं हे व्याज भरण्यापेक्षा कधीही स्वस्त. पटकथा मंजूर झाल्यावर काही हिस्सा आगाऊ देण्याची सोय झाली, तर या योजनेचा फायदा मराठवाड्यापर्यंत आजच्यापेक्षा किती तरी जास्त पोचेल, असं आमचं ठाम मत आहे.

अर्जात अडणारी गोष्ट जवळजवळ नेहमी एकच असते: नाव. कोल्हापूरच्या नोंदीत ‘श्री रेणुका फिल्म्स’, सेन्सॉर प्रमाणपत्रावर ‘श्री रेणुका फिल्म प्रॉडक्शन’, बँकेत ‘रेणुका फिल्म्स’ आणि पॅन एका भागीदाराच्या व्यक्तिगत नावाचा. चारही कागद आपल्याच बॅनरचे, पण सरकारी फायलीत ते चार वेगळे निर्माते होतात. बॅनर नोंदवायच्या दिवशीच नावाचं इंग्रजी आणि मराठी स्पेलिंग एका कागदावर पक्कं करा, सगळ्यांना तोच कागद द्या, आणि चालू खातं त्याच नावानं उघडा. भागीदारी असेल तर अनुदानाची रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची ते करारनाम्यात आधी लिहा. पैसे आल्यावर हा विषय काढला तर मैत्री आणि बॅनर दोन्ही मोडतात.

परीक्षणाला जाणारी प्रत थेटरात जाणारीच डीसीपी (थेटरात दाखवायची डिजिटल प्रत) असावी. घाईत हार्डडिस्कवर टाकलेली फाइल पाठवणारे स्वतःचंच नुकसान करतात. आवाजाचं मिक्सिंग घरच्या स्पीकरवर तपासून दिलं तर मोठ्या पडद्यावर पार्श्वसंगीत संवादाला गिळतं. परभणी-नांदेडकडची बोली समितीतल्या पुण्या-मुंबईच्या कानाला आधीच थोडी अनोळखी, त्यात संवाद पुसट आला की चांगला अभिनयही वाया जातो. एकदा तरी ५.१ आवाजाच्या (चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या) खऱ्या थेटरात, सकाळच्या रिकाम्या वेळेत, पूर्ण सिनेमा लावून पाहा. आणखी एक: पात्र बिडी ओढत असेल किंवा तंबाखू मळत असेल, तर आरंभी आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांचा संदेश, २० सेकंदांचं निवेदन आणि त्या दृश्यावर इशारा हे सगळं डीसीपीतच बसवा. लोकांना ते सेन्सॉरच्या दारात आठवतं आणि डीसीपी दुसऱ्यांदा करण्याचा खर्च अंगावर येतो.

कान चित्रपट महोत्सवाच्या बाजारात निवडक मराठी सिनेमे पाठवणं, हे महामंडळाचं काम चांगलं आहे आणि ते चालू राहावं. अर्ज करायचा तर इंग्रजी सबटायटल कुणा जाणकाराकडून करून घ्या. ‘बापू, जरा टेकू का’ याचं यांत्रिक भाषांतर परदेशी प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. गोरेगाव आणि कोल्हापूरच्या चित्रनगऱ्या मराठवाड्यातल्या लहान निर्मात्याच्या फारशा कामाच्या नाहीत. तिथं युनिट नेऊन ठेवण्याच्या खर्चात इकडं आठवडाभराचं शूटिंग होतं.

शिकण्याची सोय इथं तयार आहे. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग किती तरी वर्षं नट आणि दिग्दर्शक घडवतो आहे. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्यात जगभरचा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतो आणि मास्टरक्लासही होतात. महामंडळाचा अनुदान विभाग आणि फिल्म सेलचा एकेक माणूस त्या चार-पाच दिवसांत तिथं टेबल टाकून बसला, तरी आठ जिल्ह्यांतल्या नव्या मुलांचे गोरेगावचे हेलपाटे वाचतील. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून ‘हा दाखला अजून लागेल’ एवढंच ऐकून परतणं कुणाच्या नशिबी येऊ नये. कायमचा उपाय म्हणजे संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयात एक चित्रीकरण कक्ष. आठही जिल्हे त्याच कार्यालयाखाली येतात, त्यामुळं जिल्हाधिकारी, पोलीस आणि जिल्हा परिषद यांच्याशी बोलणं तिथूनच सगळ्यात सोपं होईल.

तोवर तारखा आपणच हुशारीनं ठरवायच्या. बीड, धाराशिव, जालन्याच्या कित्येक गावांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. या काळात गर्दीचं दृश्य लावलं तर गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरंच सापडतात. गावाचं ओकंबोकंपणच दाखवायचं असेल तर मात्र हाच काळ खरा. एप्रिल-मेमध्ये ऊन ४२ अंशांच्या पुढं जातं, दुपारी अकरा ते चार चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. ते तास घराच्या आतल्या दृश्यांना ठेवा. सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज मुद्रित करणं) करायचा असेल तर शेतीपंपांच्या विजेचं वेळापत्रक वायरमनकडून आठवड्याआधी घ्या, कारण लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. हरिनाम सप्ताह आणि लग्नाच्या तारखाही ग्रामसेवकाला विचारून लिहून ठेवा.

मंजुरीचं पत्र आलं की त्याच्या तीन छापील प्रती काढा. एक लोकेशन मॅनेजरच्या हातात, एक जनरेटर व्हॅनच्या चालकाकडं, कारण नाक्यावर पहिल्यांदा अडवतात ते त्याला. तिसरी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात शूटिंगच्या दोन दिवस आधी देऊन पोच घ्या, आणि पोच देणाऱ्या अंमलदाराची सही, तारीख व आवक क्रमांक त्यावर आहे ना, ते ठाण्यातून निघण्याआधी पाहून घ्या.